पुढचा सूर

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि आईला जर्मनीतून जय भीम. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

मी मजेत आहे. वृद्धाश्रमातली ड्युटी जमतेय, भातही मिळतो. इथले एक आजोबा संध्याकाळी नुसत्या पियानोची रेकॉर्ड लावतात. फार उदास वाजतो. एक सूर येतो, मग बराच वेळ काहीच नाही. भिवंडीत लूम मध्येच गप्प झाला की धागा तुटला म्हणून तुम्ही भरल्या ताटावरून उठायचात ना, तशी पहिल्या दिवशी मी खुर्चीतून उठले. आजोबांनी हसून हातानंच 'बस' म्हटलं. आता रोज ऐकते. मधल्या शांततेत अजूनही उठावंसं वाटतं, पण पुढचा सूर येतोच. म्हणूनच आवडतं.

कानाचं मशीन लावता ना, की डबीतच आहे? आईचे गुडघे कसे आहेत?

रविवारी फोनवर मी विचारलं, तुमच्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला का? तुम्ही 'हो हो' म्हणालात. मग विचारलं, वाईट आला का? तरी 'हो हो'च.

पप्पा, ऐकू आलं नाही तर 'हो हो' म्हणू नका. गप्प राहा. मला आता थांबता येतं.

तुमची,
रिया