सुजाता, त्या दिवशी मी आजारी नव्हते

प्रिय सुजाता,

काल तुझी शोकसभा झाली. आपल्या मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "सुजाताताईंचा रेडिओ आम्ही घरी रोज ऐकायचो. त्यांच्या या धडपडीत सगळं मंडळ त्यांच्या पाठीशी होतं." लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारी तुझा भाऊ प्रशांत बसला होता, तुझ्या अस्थी न्यायला नागपूरहून आलेला. तो डोळे पुसत होता. आणि मला इतका संताप आला, की हातातला कागदी कप मी कधी चुरगळला ते कळलंच नाही.

आज लॅबला सुट्टी टाकली आहे. सकाळपासून किचनमध्ये बसून तुला लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगू?

रोज ऐकायचे म्हणे! अगं, आपल्या मायक्रोफोनसमोरच्या भिंतीवर तू एक कागद चिकटवला होतास. ज्याचा फोन येईल त्याचं नाव त्यावर लिहायचं. दोन वर्षांत अकरा नावं झाली. त्यातलं एक माझ्या नवऱ्याचं, आणि मंदारनेही मी चारदा सांगितलं तेव्हा फोन केला. अध्यक्षांचं नाव त्या कागदावर कधी आलं नाही.

पण आधी आपलं सांगते. तुला आठवतं, तू मला पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी किती हसले होते? तुझ्या पोर्ट्सवूडच्या फ्लॅटमध्ये सोल्डरिंगचा वास कोंदला होता, डायनिंग टेबलवर तारा पसरल्या होत्या, आणि तू म्हणालीस, "अनघा, अठ्ठावीस दिवसांचं लायसन्स मिळतंय. साउथहॅम्प्टनमध्ये मराठी रेडिओ. तू बोलशील?" मी म्हटलं, "कोण ऐकणार?" तू म्हणालीस, "ते लावल्याशिवाय कसं कळणार?"

पंचवीस वॉटचा ट्रान्समीटर. माझ्या बेडसाइड लॅम्पचा बल्ब त्याहून मोठा होता! बिटर्नच्या चढापलीकडे नुसती खरखर. मंडळाची शनिवारची मराठी शाळा भरायची ती कम्युनिटी सेंटरमधली खोली आपल्याला मिळाली, कारण एप्रिलमध्ये तिथे कुणी नसायचं. आवाज घुमू नये म्हणून तू भिंतींवर जुनी डुव्हे, त्या जाड रजया, टांगलीस. संध्याकाळी सहा ते आठ. पहिल्या दिवशी माझा आवाज एवढा कापत होता, की तू काचेपलीकडून वाकुल्या दाखवून मला हसवलंस.

आणि तुझी सुरुवात. रोज तीच. "नमस्कार आणि जय भीम. मी सुजाता."

पहिले सहा दिवस फोन वाजलाच नाही. सातव्या दिवशी वाजला, आणि आपण दोघी एकदम उचलायला धावलो. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "बाय, तुमी मराठी बोलताव ना? मी दापोलीचा हाय. इब्राहिम." जहाजावर खलाशी होते. साठच्या दशकात इथल्या बंदरात उतरले, इंग्लिश बाईशी लग्न केलं, ती गेली, आणि आता शर्ली भागातल्या कौन्सिलच्या सरकारी फ्लॅटमध्ये एकटे. क्रिकेटची कॉमेंट्री शोधताना काटा चुकून आपल्यावर आला होता. म्हणाले, "कित्येक वर्सांत कुणी माझ्याशी मराठीत बोललं नाय. बोलत राहा. काय पण बोला."  फोन ठेवून तू पेन घेतलंस आणि कागदावर पहिलं नाव लिहिलंस.

त्यानंतर मी कधी 'कोण ऐकणार' विचारलं नाही. इब्राहिमकाका ऐकत होते, एवढं पुरेसं होतं ना?

ते पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षी, अगदी पहिल्याच आठवड्यात, अध्यक्षांचा फोन आला. रेडिओविषयी जरा बोलायचंय, आणि आमच्याच घरी बसू या म्हणाले. दोन कमिटी मेंबरही आले. तू ऑफिसमधून थेट आलीस, गळ्यात आयडी कार्ड तसंच. मी चहा केला.

"आम्हाला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही हं," अध्यक्षांनी सुरुवात केली. "पण मंडळ सगळ्यांचं आहे. ते जय भीम वगैरे जरा पोलिटिकल वाटतं. आणि चौदा एप्रिलला तुम्ही स्पेशल कार्यक्रम करताय असं कळलं. नुसतं नमस्कार म्हणा की. लोकांना ऑकवर्ड होतं."

"कुठल्या लोकांना?" तू विचारलंस. "माझ्याकडे श्रोत्यांची यादी आहे. नावं सांगा."

ते हसले. "आता नावं कशाला घ्यायची?"

सुजाता, तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं! तू आदल्या वर्षी सलग अठ्ठावीस दिवस तेच म्हणत होतीस. या माणसाला ते पुढच्या वर्षी कळलं, तेही कुणीतरी डिनरला सांगितलं म्हणून. म्हणजे त्यांनी एक संध्याकाळसुद्धा रेडिओ लावला नव्हता. हे तिथेच तोंडावर सांगायला हवं होतं. पण मी काय बोलले? मी ट्रे हातात धरून म्हटलं, "सुजाता, एक शब्दच तर आहे. सोड ना."

तू माझ्याकडे बघितलंस. चिडली नाहीस, आवाजही चढवला नाहीस. "तू रेडिओवर तुझं नाव सांगतेस तेव्हा आडनाव सोडून देशील का? तोही एक शब्दच आहे."

 तू अर्धा चहा तसाच ठेवून उठलीस.

कारणं होती माझ्याकडे. अध्यक्ष हॉस्पिटलमध्ये मंदारचे सीनियर होते, मंदार नवीन होता, त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढायचं होतं. तेव्हापासून मी स्वतःला हेच सांगत आलेय. पण खरं सांगू? मंदारने मला कधीच गप्प बस म्हटलं नव्हतं. त्या दिवशी सोफ्यावर बसलेल्या त्या तिघांसमोर मला अडचण नको होती, बस्स. तुला जी अडचण जन्मभर कुणी ना कुणी देत आलं, ती मला पाच मिनिटंसुद्धा नको होती.

दोन दिवसांत मंडळाने खोली काढून घेतली. मराठी शाळेचं सामान ठेवायचंय म्हणे! तू चार दिवसांत एका लाँड्रेटच्या, कपडे धुवायच्या दुकानाच्या, वरची खोली शोधलीस, डुव्हे उचललीस, ट्रान्समीटर एकटीने तीन जिने वर नेलास. मला एक टेक्स्ट केलास. 'नवीन पत्ता पाठवतेय. सहा वाजता.' मी उत्तर दिलं नाही.

चौदा एप्रिलला मी तुझा कार्यक्रम ऐकला. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडी लावून, काचा वर करून ऐकला. खालच्या वॉशिंग मशीनची घरघर तुझ्या आवाजात मिसळत होती. तू इब्राहिमकाकांना स्टुडिओत बोलावलं होतंस. ते सांगत होते, की त्यांच्या गावात एक पाणवठा होता, तिथे कुणी पाणी भरायचं आणि कुणी लांब उभं राहायचं हे लहानपणी रोज डोळ्यांनी बघितलं, आणि त्यात काही चुकतंय असं पोरवयात वाटलंच नाही. "जहाजावर सगळे एका टाकीचं पाणी प्यायचो," ते म्हणाले, "तवा कुठं मला घरच्या त्या पाणवठ्याची लाज वाटली, पोरी." मग तू तुझ्या आजीबद्दल बोललीस. तिला शाळेत दाराबाहेर बसवायचे, आणि तिने पुढे तुझ्या आईला पहिल्या बाकावर बसवण्यासाठी हेडमास्तरांशी कसं भांडण केलं, ते. इतकं सुंदर रेडिओवर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. आणि मी गाडीत लपून बसले होते!

शेवटी तू म्हणालीस, "माझी मैत्रीण अनघा आज येऊ शकली नाही. तिला बरं नाहीये. ती लवकर बरी होवो."

का गं? का म्हणालीस असं? मी धडधाकट होते! तुला माहीत होतं. अकराजणांसमोर तू माझी लाज झाकलीस, आणि मला भांडायची जागाच ठेवली नाहीस. तू चिडली असतीस, फोनवर चार शिव्या घातल्या असत्यास, तर मी रडले असते, आले असते, आपण मोकळ्या झालो असतो. तू मला सांभाळून घेतलंस. त्याचा मला आजही राग येतो, सुजाता. माणसाने एवढं चांगलं असू नये. समोरच्याला माफी मागायचीसुद्धा संधी मिळत नाही.

त्यानंतर आपण भेटत राहिलो. वाढदिवस, दिवाळी, ख्रिसमसला तुझ्याकडची बिर्याणी. रेडिओचा विषय मी काढला नाही, तूही नाही. मला वाटलं, पुढच्या एप्रिलपर्यंत वेळ आहे. जानेवारीतल्या एका मंगळवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुझं डोकं दुखायला लागलं आणि गुरुवारी तू नव्हतीस. एक्केचाळीस हे काय वय आहे? कुणावर रागवायचं याबद्दल?

तर कालचं. अध्यक्षांचं भाषण संपलं. प्रशांत उठला आणि हात जोडून म्हणाला, "ताईला इथे तुम्ही सगळ्यांनी एवढी साथ दिलीत. आईला जाऊन सांगीन." त्याने जोडलेले हात बघून मला राहवलं नाही. मी बसल्या जागेवरूनच विचारलं, "सर, रेडिओवर सुजाता सुरुवात काय म्हणून करायची?"

अध्यक्ष हसले. "आता इतकं आठवत नाही. आणि ही वेळ आहे का, अनघा?"

"तेवढे शब्द म्हणते म्हणून तुम्ही तिची खोली काढून घेतलीत," मी म्हटलं. "आणि तुम्हाला आठवत नाही?"

 मंदारने माझा हात धरला. मला वाटलं अडवतोय, पण नाही, नुसता धरून ठेवला. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. खोली, लाँड्रेट, तीन जिने. कुणीतरी मागून म्हणालं, "शोकसभेत हे काय!" मी थांबले नाही. खरं सांगायचं तर बोलताना मला बरंही वाटत होतं. वाटत होतं, चला, एकदाची मी तुझ्या बाजूने बोलले.

मग प्रशांतने विचारलं, अगदी शांतपणे, तुझ्यासारखंच. "तेव्हा तुम्ही कुठे होतात, ताई?"

 "तिथेच होते," मी म्हटलं. "चहा देत होते. मी पण तिला तेच म्हटलं, की सोड."

 मी वाट बघत होते, की तो म्हणेल, जाऊ द्या, आता काय. तसं काही तो म्हणाला नाही. जाताना दारात एवढंच बोलला, "ताई फोनवर तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच सांगायची. मी मात्र आईला खरं सांगणार आहे." मी म्हटलं, "सांगा." आणखी काय म्हणणार होते?

अध्यक्ष माझ्याशी न बोलता निघून गेले. मंदारचं पुढे काय होईल ते होवो. आज सकाळी तो म्हणाला, "गेल्या एप्रिलमध्ये बोलली असतीस तरी मी तुझ्यासोबत असतो." ते ऐकून मला आणखीनच रडू आलं. म्हणजे घाबरण्यासारखं खरंच काहीच नव्हतं!

आणि एक गोष्ट सकाळपासून मला खातेय. इब्राहिमकाकांना कुणी कळवलेलंच नाही. ते मंडळात नाहीत, कुणाच्या फोन लिस्टवर नाहीत. त्यांना वाटत असेल, थंडी आहे म्हणून रेडिओ बंद आहे. एप्रिल आला की ते खुर्ची ओढून काटा फिरवत बसतील.

तर ऐक. उद्या सकाळी मी शर्लीला त्यांच्या घरी जातेय. फोन करणार नाही, समोर बसून सांगणार आहे. तू गेलीस हे सांगेन, आणि त्या चौदा एप्रिलला मी कुठे होते तेही सांगेन. मग त्यांनी मला दार दाखवलं तर दाखवू देत. आणि या वर्षीच्या लायसन्सचा फॉर्म मी माझ्या नावाने भरणार आहे. त्यासाठी मी कुणालाही चहाला बोलावणार नाही.

तुझी माफी मागायला फार उशीर केलेली,
अनघा