पंखेवाल्यांपुढे झालेली साक्ष

ती. वन्संना,

भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघा दुखतो, म्हणून सध्या कागदावरच वाकते.) तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल तर पत्र स्वतः वाचा. नसेल तर सूनबाईंकडून वाचून घ्या, पण ताजा कलम तेवढा तुमच्या डोळ्यांसाठी राखून ठेवा. मी बरी आहे. एकटीच्या स्वयंपाकात भात अजून दोघांचाच पडतो, तेवढं सोडून.

धरणावरच्या त्या दिवसाची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चार वर्षं झाली, मुदतवाढी तीन. खात्याने आपल्या कागदात लिहून ठेवलं आहे की दरवाजे उघडण्यापूर्वी चौकीदाराने भोंगा वाजवला नाही. चौकीदार म्हणजे तुमचा भाऊ. भोंगा आठ महिने मुकाच होता, म्हणून ते स्वतः ओरडत काठाने धावले, कपडे धुणाऱ्या बायका वर आल्या आणि ते पाण्यात गेले, हे काही त्या ओळीत मावलं नाही. ती ओळ खोडून घ्यायची, एवढंच माझं काम उरलं आहे.

म्हणून वाचनालयातून चौकशी आयोगाचा कायदा आणला. शिवणाच्या मासिकाहूनही पातळ, पण वन्सं, काय पुस्तक आहे! सरकार चुकलं का हे बघायला सरकारनेच माणूस नेमायचा, आणि त्याने बोलावलं की भल्याभल्या साहेबांनी फायली काखेत मारून हजर व्हायचं! ज्याच्या नावाला बट्टा लागेल त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यायचं, असंही एक कलम आहे. (आपल्या घरात ते लागू असतं तर माझी निम्मी भांडणं वाचली असती. तुमचीही.) शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "वहिनी, आयोगाला शिक्षा देता येत नाही. बिनदातांचा वाघ तो!" मी म्हटलं, "काका, मला चावणारा कुठे हवाय? ऐकणारा हवाय."

तर गेल्या मंगळवारी इस्त्रीचं लुगडं नेसून गेले. नोटिशीतल्या खोलीत मोठं टेबल होतं आणि मागे तीन पुरुष बसले होते. आयोगात एक किंवा अधिक सदस्य असतात हे मी वाचलेलं, त्यामुळे तिघांचं नवल वाटलं नाही. टेबलावर पाना आणि पेचकस होता, पण आयोग आपली कार्यपद्धती स्वतः ठरवू शकतो हेही वाचलेलं होतं. (अर्धवट वाचणाऱ्याची फजिती होते म्हणतात. माझी पूर्ण वाचल्यामुळे झाली.) मी उभ्यानेच शपथ घेतली आणि पहिल्यापासून सांगायला लागले. वीस मिनिटं कुणी मध्ये तोंड घातलं नाही. मधल्याने तर चहाचा कप खाली ठेवला आणि बाहीने डोळे पुसले. मी संपवल्यावर तो हलकेच म्हणाला, "मावशी, आम्ही पंखे दुरुस्त करायला आलोय. आयोग वरच्या मजल्यावर गेलाय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही थांबला असता ना."

त्यानेच मला हाताला धरून जिना चढवला. वर खऱ्या न्यायमूर्ती होत्या, बाई, माझ्याच वयाच्या. त्यांनीही सगळं ऐकलं. खात्याचा वकील मध्येच उठला तेव्हा म्हणाल्या, "त्यांना पुरं करू द्या." पुढे चष्मा काढून म्हणाल्या, "मला तुमचं पटतंय. पण भोंगा बंद असल्याचं त्या वेळी कुणी कुठे लिहून ठेवलंय का?" मी येत्या मंगळवारपर्यंत वेळ मागितला. त्यानंतर पुरावा घेणं बंद होणार. बाकी सगळं क्षेम. घरच्यांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पंखेवाल्याने घरी येऊन आपला पंखाही नीट करून दिला. वाऱ्यापेक्षा आवाज जास्त येतो, पण सोबत होते.

ता. क. दुसरा (हा तुम्हीच वाचा). जाण्याआधीच्या महिन्यात त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. भोंगा बंद आहे, तीनदा कळवूनही कुणी बघत नाही, एवढा मजकूर मला वाचून दाखवला आणि पुढच्या पानावर हात ठेवला. टपालात मीच टाकलं. तुम्ही म्हणता, ते हरवलं. वन्सं, आयोगापुढे माणूस जे बोलतो ते पुढे त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असं कलम आहे. तेच मी आपल्या दोघींना लागू करते आहे. (खोटं बोलणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.) मंगळवारच्या आत पत्र पाठवा. मूळ प्रत, पूर्ण. माझ्याविषयीचं पान माझं मन राखायला म्हणून काढून ठेवू नका. मी चहा पाण्यासारखा करते, असंच काहीतरी असणार. भरल्या खोलीत वाचलं गेलं तरी चालेल. चार वर्षं झाली, माझ्या चहाला कुणी नाव ठेवलेलं नाही.