गुलब्याला गारवा कोणी द्यायचा

मी, शिवशंकर सुग्रीव तिडके, वय एकवीस, राहणार तालुका पाटोदा, जिल्हा बीड, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडलेला. उद्या सकाळी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे, म्हणून आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. पोट दुखतंय, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ काम आहे. पोट त्यांचं नाही.

१. मोटारसायकल व मोबाइल आई सारजाबाई हिला. मोबाइलमधले फोटो तिने बघू नयेत. सगळे एकाच मुलीचे आहेत.

२. माझा सॅलमँडर गुलब्या हा माझ्या वर्गातल्या अंजूला. आई त्याला पाण्यातली पाल म्हणते आणि भिते. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी अंजूने व मी तो पुण्याहून आणला, नाव तिनेच ठेवलं. नंतर म्हणाली, "तुझ्याकडंच राहू दे, तू जीव लावतोस." हे वाक्य मी कोणाच्या नावे करत नाही.

३. राहणी. लांब काचेची टाकी, तळाला बारीक वाळू. खडे नकोत, तोंडात येईल ते गिळतो. लपायला फुटकं मडकं. ऊन नको. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच वापरावं. पाणी माठातल्यासारखं गार हवं. टाकीभोवती ओलं तरट आणि वर पंखा. सोबत मासे नकोत, त्याचे डोक्याबाहेर आलेले कल्ले कुरतडतात. त्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, पण म्हणून कोणी हयगय करू नये.

४. खाणं. गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळं, धुऊन, एक दिवसाआड. युरिया टाकलेल्या रानातली नकोत. आईने एकदा लांबून भाकरी चुरून टाकली होती, तसलं काही नको.

५. सोमेश्वर. याच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना. प्रदर्शनात हा रोज बर्फ घेऊन यायचा आणि अंजूशी बोलत उभा राहायचा. बर्फ बाटलीत गोठवून ती बंद बाटली पाण्यात सोडायची असते. याने लादीचा तुकडा थेट टाकीत टाकला, गुलब्या आखडला. मी याच्या कानफटात वाजवली. प्राचार्य म्हणाले माफी माग, मी कॉलेज सोडलं. निघताना पाहिलं, अंजू उरलेला बर्फ याच्या गालाला लावत होती. याला माझं काहीही मिळू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही असं एका वकिलांकडून ऐकलं, म्हणून मुद्दाम यालाच साक्षीला बोलावलं आहे.

६. (नंतर जोडलेलं.) सोमेश्वर आला. अंजूही आली, त्याच्याच गाडीवर. त्याने सगळं वाचलं, पण सही केली नाही. म्हणाला, "शिवा, अंजूचं घर पत्र्याचं हाय. मे महिन्यात लाईट गेली तर ह्यो जगंल का बे?"
मी अंजूकडे बघितलं. ती म्हणाली, "न्हाई जगायचा."

म्हणून आत्तापासून पाऊस पडेपर्यंत, आणि पुढे दर उन्हाळ्यात, गुलब्या सोमेश्वरच्या कारखान्यातल्या गार खोलीत राहील. खाणं अंजूनेच द्यावं. तिच्या हातचं तो लगेच खातो, माझ्या हातचं विचार करून. म्हणजे ती एक दिवसाआड तिथे जाणार, हे लिहिताना मला कळतंय. तरी लिहितो. सोमेश्वरने तेव्हा बाहेर थांबावं.

७. मी ऑपरेशनमधून उठलो तर वरचं सगळं रद्द. गुलब्या माझ्याकडे येईल. सोमेश्वरने फक्त बाटल्या पाठवाव्यात, स्वतः येऊ नये. अंजूने यावं.

सही: शि. सु. तिडके
ठिकाण: बीड, दवाखाना
दिनांक: २१ एप्रिल २०२५

साक्षीदार:
१. बंकट आसाराम घुले, शेजारच्या कॉटवरचे (सही)
२. सोमेश्वर (नाव मीच खोडलं, आता त्याला मिळायचं आहे). त्याच्या जागी दगडाबाई, वॉर्डातल्या मावशी (अंगठा)