फटीतून सरकवलेला अर्ज

लकडगंज, नागपूर
१६ फेब्रुवारी १९८४

प्रिय कवडूदादास,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही बरे आहोत. देवकीचे गुडघे दुखतात, पण घरातलं सगळं तीच करते. परवा भाऊजी जेवायला का आले नाहीत, असं तिने विचारलं. एसटी निघत होती, असं मी सांगितलं.

दिवाळीनंतर कार्यालयात आमच्या टेबलांपुढे काच बसवली आहे. पूर्वी माणूस स्टुलावर बसून आपलं दुःख सांगायचा. आता बोलायला एक भोक आहे, तेही आमच्या बसल्या तोंडाच्या उंचीवर. बाहेरचा माणूस कमरेत वाकून तिथे आधी तोंड लावतो, मग कान. संध्याकाळी काचेवर थुंकीचे शिंतोडे आणि कपाळाच्या तेलाचे डाग असतात. शिपाई ते ओल्या वर्तमानपत्राने पुसतो. काल एका बाईला नवऱ्याच्या मरणाची तारीख तीनदा ओरडून सांगावी लागली. रांगेतला एक म्हणाला, "जोरात बोल वं बाई, काचेतला देव बहिरा हाय." सगळे हसले. मीही हसलो.

परवा तू आलास तेव्हा गर्दी फार होती, दादा. काचेमुळे आवाज येत नाही.

तू तुझ्या पोरीच्या, प्रेमिलाच्या नर्सिंगसाठी दाखल्याचा अर्ज आणला होतास. "अगा लहानू, मी होय," म्हणालास. मी मान वर न करता "सरपंचाची सही नाही" म्हटलं आणि अर्ज फुटपट्टीने खालच्या फटीतून बाहेर ढकलला. कोणाच्या हाताला हात लागू नये म्हणून साहेबांनी आम्हाला तसं शिकवलं आहे. तू वाकून विचारलंस, "मी तुले दिसून राहिलो ना गा?" मी कानाकडे बोट नेऊन ऐकू येत नसल्याची खूण केली.

आपला बाप वाण्याच्या ओट्याखाली उभा राहायचा आणि मिठाची पुडी वरून त्याच्या ओंजळीत पडायची. ते तू मला कडेवर घेऊन दाखवलं होतंस.

काल बुद्धवंदनेला बसलो, तर खोटं न बोलण्याच्या शीलापाशी मधेच उठलो. दादा, तुझी पहिलीच हाक मला ऐकू आली होती. साहेब मागे उभे होते आणि तुझं धोतर मळलेलं होतं. एवढंच कारण. स्वतःची किळस येते.

अर्जाची मुदत पंचवीस तारखेपर्यंत आहे. रविवारी पहिल्या एसटीने येतो. सरपंचाची सही मीच घेईन. सोमवारी तू माझ्यासोबत कार्यालयात चल. साहेबांना मी सांगणार आहे, हा माझा थोरला भाऊ. घरात घेतलं नाहीस तर अंगणात बसून राहीन. बोलायचं ते सगळं बोलून घे. पोरीचा अर्ज मात्र अडवू नकोस.

ज्याची तुला लाज वाटावी, असा तुझा भाऊ,
लहानू