आठ खुणांची पट्टी

५ नोव्हेंबर १९५३, गुरुवार.
दत्ताचं नाव घेऊन आज दवाखान्यात वर्ग सुरू केला. संस्थान विलीन झालं, दारावरची पाटी बदलली, आम्ही मात्र होतो तसेच. जव्हारचे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. बाकी भार माझ्यावर, म्हणजे कंपाउंडरवर. दर गुरुवारी ज्यानं त्यानं आपली चूक सांगायची, मी वहीत लिहायची. रागवायचं नाही. वर्षभर चालवणार. विद्यार्थी दोन: मंगळू शिपाई, गोजाबाई सुईण. मंगळू म्हणाला, भाऊ, वही लहान पडंल.
पहिलं पान माझ्यासाठी कोरं ठेवलं. मान म्हणून.

१२ नोव्हेंबर.
मंगळूच्या सात चुका. गोजाबाईच्या दोन. माझी आठवेना.
धडा दिला: बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवतो. एक खूण, एक डोस. मोठ्या माणसाला चार खुणा, लहान मुलाला आठ, म्हणजे डोस निम्मा. गोजाबाईनं दोनदा विचारलं, पोराला आठच ना? तिला लिहिता येत नाही, मोजता येतं. बाई हळू शिकते.

१४ नोव्हेंबर, दुपारी.
कपाटातली ती बाटली पुन्हा राखेनं घासली. श्रावणात वांगणीच्या चैतीनं धुऊन परत आणली होती, तान्हं पोर गेल्यावर चौथ्या दिवशी. सरकारची वस्तू, ठेवून कशी घेऊ, म्हणाली. ओली असताना स्वच्छ दिसते. वाळली की पट्टीच्या डिंकाचे डाग उमटतात. चार.
पोर तापानं गेलं. मी घाईत नव्हतो. रांग तेवढी रस्त्यापर्यंत होती.

१९ नोव्हेंबर.
चूक कबूल करायला धैर्य लागतं, यावर बोललो. माझेच डोळे भरून आले. मंगळूनं विचारलं, भाऊ, तुमचं पान? म्हणालो, आधी तुमचा पाया पक्का होऊ दे.

२३ नोव्हेंबर, पहाटे.
जप करताना चौथ्या मण्यावर बोट अडतं. माळ जुनी झाली. नवी आणावी.

२६ नोव्हेंबर.
गोजाबाई स्वतःहून उठली. म्हणाली, माझी मोठी चूक राहिली. पोरांना तुम्ही आठ खुणा लावता, दर वेळंला बघते. चैतीच्या पोराच्या बाटलीवर चार बघितल्या. बोलले नाही. तुम्हाला कसं बोलायचं?
मंगळू जमिनीकडे बघत होता. त्यालाही माहीत.
लिहून घेतलं: गोजाबाई, वेळेवर न बोलणे. अक्षर बिघडलं. टाक खराब आहे.

२ डिसेंबर.
चैती आली. पाठीवर मोठी पोर रुपी, तापानं फणफणलेली. म्हणाली, भाऊ, त्या वेळंला तुम्ही सांगितलं तसंच खुणेखुणेनं पाजलं. माझं काय चुकलं?
काही नाही, म्हणालो. पुढचं बोलायला तोंड उघडलं, पण बूच सापडत नव्हतं.
पट्टी चिकटवली. गोजाबाईनं हातातून बाटली घेतली, बोट ठेवून मोजलं. भाऊ, सात. मी म्हणालो, आठ. तिनं पुन्हा मोजलं. सातच. नवी पट्टी कातरली.

३ डिसेंबर, गुरुवार.
वर्ग भरला. पहिलं पान उघडून माझ्या हातानं लिहिलं: आठाऐवजी सात. मंगळू म्हणाला, झाली की एकदाची तुमचीबी! तो हसला, मीही हसलो.
गोजाबाई हसली नाही. पान भरलं का, विचारलं. म्हणालो, बरीच जागा आहे.
ती म्हणाली, उद्या रुपीला बघायला वांगणीला जाते. चैतीला काय सांगू?
म्हणालो, सांग, बाटली धुऊन परत आण.