नमुना क्रमांक सातची प्रगती

२ तारीख, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. शोध मोठा असला की लोक नंतर तारखा विचारतात. अठराला समिती येणार. हवा गाळणाऱ्या माझ्या कापडाने नव्वद टक्के धूळ अडवली, तर प्रकल्पाला दोन वर्षं मुदतवाढ. नाहीतर पुन्हा खालच्या मजल्यावर, पडद्यांचे रंग तपासायला. नमुना क्रमांक सात यंत्रात लावला. ७१ टक्के. सुरुवात झकास.

४ तारीख
तोच नमुना. ७९! मी काहीही न करता. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, सर, दर चाचणीला कोरा तुकडा लावायचा असतो. म्हटलं, फॉर्मात आलेल्याला कुणी बाहेर बसवतं का? बाईंनी वहीत आकडा लिहून घेतला. पटलं असावं.

७ तारीख
८८. तंतू आपोआप जुळून येताहेत, असं माझं ठाम मत. ‘स्वयंशिस्त परिणाम’ हे नाव कसं वाटतं? लेख लिहायला बसलो, डोळा लागला. उद्या नक्की.

८ तारीख
लेखावर माझं नाव टाईप केलं. बाकीचा मजकूर राहिलाय.

११ तारीख, दुपारी
९६. कापड काळंकुट्ट. बाई म्हणतात, आता साठलेली धूळच धूळ अडवतेय; दाबाचं मीटर बघा. बघितलं. काटा पार टोकाला टेकलाय. मीटर बिघडलंय, काढून ठेवायला सांगितलं. घरी फोन केला : मुदतवाढ झाल्यात जमा. बायकोने विचारलं, पण हवा नीट जाते ना? ही शाळेत विज्ञान शिकवते, पण शाळेतलं विज्ञान वेगळं.

१५ तारीख
९९.८. बाईंनी कोरा तुकडा कापून आणला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला. ऐनवेळी उगाच शंका नकोत.

१८ तारीख, संध्याकाळी
समितीसमोर आकडा आला : १००. मी टाळ्यांसाठी थांबलो. अध्यक्षांनी यंत्रातून हवा बाहेर पडते त्या नळीच्या तोंडाशी हात धरला. बराच वेळ धरला. विचारलं, हवा कुठाय? म्हटलं, सर, धूळ बघा ना, एक कण नाही! ते म्हणाले, भिंतीतूनही जात नाही. तेवढ्यात यंत्रातला हवा ढकलणारा पंखा जळाला.

प्रकल्प बंद. उद्यापासून पडदे.

घरी शिरताच हिने विचारलं, किती आले? खरं सांगायला तोंड उघडलं आणि शंभर म्हणालो. आता ती तिच्या आईला फोनवर सांगतेय, किती आनंदाने. मला भयंकर लाज वाटतेय. खालचा मजला सकाळी नऊला उघडतो.