द्वारकाकाकूंचे पापड आणि आमची मोटर

तीर्थरूप विष्णूमामांस,

सुदामा नगरातून मधुरिमाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरी आहे. आई गेल्यापासून घरात बोलणं उरलं नाही, म्हणून पत्र लांबेल.

परवा नळाला नर्मदेचं पाणी आलं. मोटर लावली, टाकी भरल्यावर बटण दाबलं, पण मोटर थांबेना (बटण आतून चिकटलं होतं). जादा पाण्याची नळीही तुंबलेली. सगळं पाणी शेजारच्या द्वारकाकाकूंच्या गच्चीत, वाळत घातलेल्या पापडांवर. काकू तिथूनच ओरडल्या, "बंद कर ना भिया, पागल झाली का?" (रागात त्या बायकांनाही भाऊ असल्यासारखं भिया म्हणतात.) शेवटी मेन स्विच पाडला.

"चूक कुणाची?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, कुणाचीच नाही, बटण बिघडलं. मग मला आईच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि मी कधी नव्हे ती बोलत सुटले. आपल्या सगळ्यांच्या शरीरात वाढीची जनुकं असतात. त्यांच्याशिवाय मूल वाढणार नाही, जखम भरणार नाही. काम झालं की ती गप्प बसतात. पण पेशींची नक्कल होताना कधी एखाद्यात चूक होते आणि ते चालूच राहतं. वाढ थांबवणारी जनुकंही बिघडली (आमची तुंबलेली नळी), की कॅन्सरची गाठ होते. आईच्या बाबतीत हे कशाने झालं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. लाडवांनी नाही, एवढं मात्र त्यांनी ठाम सांगितलं.

आईच्या तेराव्याच्या जेवणात काकूच म्हणाल्या होत्या ना, "विष्णूच्या डिंकाच्या लाडवांनी गाठीलाच ताकद दिली." तुम्ही भरल्या पानावरून उठलात, ते पुन्हा इंदूरला आला नाहीत. ओले पापड गोळा करत काकू म्हणाल्या, "हे विष्णूला सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या वतीने नेहमी आईच बोलायची.

तुमची,
मधुरिमा

ता. क. पत्रात नाव घालू नकोस, असं काकूंनी बजावलं आहे. म्हणून फार वेळा घातलेलं नाही.

पुन्हा ता. क. आईच्या वर्षश्राद्धाला या. लाडवांचा डबा घासून ठेवला आहे. लाडू कुरिअरने पाठवू नका, स्वतः आणा. काकू म्हणतात, पहिला त्या खाणार, सगळ्यांसमोर.